तुझ्या यानाला वेसण कुठंय?

एका दिवाळी अंकाकडून माझी कथा परत आली. सोबत दोनच ओळी होत्या. कल्पना बरी आहे, पण यान जिवंत वाटत नाही, आकाशवाणीवर बातम्या देतंय असं वाटतं. आधी राग आला. मग रात्री कथा पुन्हा वाचली आणि राग गिळला. खरंच होतं ते.

कथा एवढीच. दुसऱ्याच्या मनातलं ऐकू येणारा एक माणूस. ऐकून ऐकून जीव नकोसा झालेला, म्हणून जन्मभर माणसं टाळत आलेला. त्याला एका यानावर एकट्यानं पाठवतात. यान धातूचं नाही, वाढवलेलं आहे. त्याला कातडी आहे, ताप येतो, जखम झाली तर भरून येते. हळूहळू दोघांचं जुळतं. माझ्या पहिल्या खर्ड्यात ते यान त्याला म्हणायचं, "तुझ्या अंतरंगातील एकाकीपण मला जाणवते आहे." आता आठवलं तरी कानाला हात लावते.

मी उदगीरला एका कॉलेजात लॅब असिस्टंट आहे. दिवसा परीक्षानळ्या आणि जर्नलं, रात्री भांडी आवरली की लिहिणं. दुसऱ्या खर्ड्याआधी ठरवलं, आता नीट अभ्यास करायचा.

अभ्यासात हान्स बर्गर सापडला. जर्मन मनोविकारतज्ज्ञ. तरुणपणी लष्करात असताना घोड्यावरून पडला आणि तोफगाड्याच्या चाकाखाली जाता जाता वाचला. त्याच दिवशी घरून तार, बरा आहेस ना? दूर असलेल्या बहिणीला काहीतरी वाईट घडल्याचं जाणवलं होतं आणि तिनंच वडिलांना तार करायला लावली होती. मनातलं मनाला पोचतं कसं, या शोधात पुढं बर्गरनं वर्षानुवर्षं घातली. १९२४ मध्ये त्यानं माणसाच्या मेंदूतल्या विजेचा आलेख पहिल्यांदा काढला, १९२९ मध्ये तो छापला. टेलिपथी काही हाती लागली नाही, लागला तो ईईजी. आपल्याकडं फिट येणाऱ्या पोराला लातूरला नेऊन डोक्याला वायरी चिकटवतात, त्याच्या मुळाशी एका बहिणीची काळजी आहे, हे वाचून मी वही मिटून बसले थोडा वेळ.

पण त्याच वाचनानं कथेची पंचाईतही केली. डोक्याच्या कातडीवर ही वीज मोजली तर भरते व्होल्टचे काही लाखांश. शेजारच्या खुर्चीपर्यंत पोचायची तिची ताकद नाही. मग माझ्या माणसाला अख्ख्या गावाच्या मनातलं कसं ऐकू येणार? म्हणून नियम बदलला. अंगाला अंग लागलं तरच ऐकू येतं. एसटीत खांद्याला खांदा घासला की शेजाऱ्याचं कर्ज, मागच्याचं पोटदुखणं, सगळं आत. मला वाटतं, माणसं टाळायला एवढं कारण पुरेसं आहे.

दुसरी गोष्ट नासाच्या, सूर्यमालेच्या कडेपलीकडं गेलेल्या व्हॉयेजर १ ची. १९७७ मध्ये सुटलेलं हे यान २०२३ च्या नोव्हेंबरात अचानक बरळायला लागलं. सिग्नल येत होता, अर्थ लागत नव्हता. मेमरीतली एक चिप खराब झालेली निघाली. मग त्या जागेतला कोड तुकडे करून दुसरीकडं बसवायचं ठरलं. हुकूम पोचायला साडेबावीस तास, उत्तर यायला तेवढेच. १८ एप्रिल २०२४ ला पाठवलेल्या हुकमाचं उत्तर २० तारखेला आलं. पाच महिने त्या यानाच्या बडबडीला कान लावून बसलेले ते इंजिनिअर मला माझ्या नायकाचे सख्खे भाऊ वाटले.

हे सगळं मी कथेत कोंबलं. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगोची, म्हणजे गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा व्हायची आहे, तिच्या ४ किलोमीटर लांबीच्या दोन बाहूंवर दीड पान खर्ची घातलं. २०२३ मध्ये तिला २,६०० कोटींची मंजुरी मिळाली, हेसुद्धा लिहिलं. यानाला त्या आकड्याशी काय देणंघेणं! मैत्रिणीनं वाचलं आणि म्हणाली, "स्पर्धा परीक्षेची तयारी करायलीस का?"

पोळ्याच्या आदल्या दिवशी माहेरी गेले. गाव देवणी तालुक्यात. आण्णांच्या, म्हणजे धाकट्या चुलत्यांच्या गोठ्यात आता एकच बैल उरलाय. देवणी जातीचा बालंक्या, अंगानं पांढरा, पोटाखाली काळे ठिपके. जोडीदार उन्हाळ्यात गेला. मी ओट्यावर वही घेऊन बसलेली बघून आण्णा म्हणाले, "काय लिवलालीस बाई एवढं?" सांगितलं. त्यांनी निमूट ऐकून घेतलं.

"बैलाला वेसण असती, ट्रॅक्टरला स्टिअरिंग. तुझ्या यानाला वेसण कुठंय?"

"नाही आण्णा, ते मनानंच चालतं."

"मंग ह्याच्यावानीच हाय की ते," म्हणत ते उठले. खांदेमळणीची वेळ झाली होती.

वाटीत तूप आणि हळद. जू बसून बसून बैलाच्या खांद्यावर घट्टा पडलेला, तिथलं कातडं जोड्याच्या तळासारखं. आण्णा तळव्यानं ते मळत होते, ना घाईनं, ना हळू. एक माशी बसली, तर बैलानं शेपटी हलवली नाही, तेवढीच हातभर कातडी थरथरवली. हळूहळू त्यानं मान खाली सोडली आणि डोक्याचं सगळं ओझं आण्णांच्या हातावर टाकलं. आण्णांनी पाय जरा फाकवून ते तोललं. मग कानाशी लागून म्हणाले, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." वर्षभर त्याला अरेतुरे करणारे आण्णा, एवढं एक वाक्य अहोजाहोत. बैलाचा कान त्यांच्याकडं वळला. बस्स.

"पाणी पेला न्हाई आज," आण्णा मला म्हणाले. कशावरून, ते मी विचारलं नाही. "जोडीदार गेल्यापून हौदावर एकटा पेतच न्हाई. मी बाजूला हुबं ऱ्हायलो की पेतो."

मी त्यांच्यामागून हौदापर्यंत गेले. आण्णा नुसते उभे राहिले, तंबाखू मळत. बैल प्यायला.

तिसऱ्या खर्ड्यात यानाची सगळी वाक्यं खोडली. बर्गर आणि व्हॉयेजरही गेले, बर्गरमुळं सुचलेला स्पर्शाचा नियम तेवढा ठेवला. माझा माणूस आता यानाच्या आतल्या भिंतीवर तळवा ठेवतो आणि त्याला शब्द ऐकूच येत नाहीत. येतो तो भार, ऊब, कुठंतरी लांबवर लागलेली तहान. तेरा पानांतून त्याला माणसांची जी कटकट झाली होती, ती इथं नाही, हे कळायला त्याला एक परिच्छेद लागतो. यानाचा जोडीदार आधीच्या फेरीत गेलेला आहे. हा जागा असला तरच ते सूर्याकडं पाठ फिरवून आपल्या टाक्या भरून घेतं, झोपला की कोरडं राहतं. म्हणून हा झोप कमी करतो. वाक्य लिहिताना माझा मलाच घसा दाटून आला, पण तो भाग वेगळा.

अंकाची पानं तोवर लागून गेली होती, त्यामुळं कथा यंदा जाणार नव्हतीच. घाई संपली म्हणून दसऱ्याला ती आण्णांना वाचून दाखवली. ते भिंतीला टेकून ऐकत होते. मधे एकदा उठून बैलाला कडबा टाकून आले, तेवढं वाचन थांबवलं. शेवटी बराच वेळ गप्प बसले.

"पाण्याचं लिवलंस ते बरं केलंस," म्हणाले. "पर ते खातंय काय?"

पानं मागंपुढं चाळली. कुठंच नव्हतं. चौथा खर्डा काढलाय.