वेबकॅम मागवण्याआधी टेबल फिरवून बघा

कॉलवर चेहरा काळवंडलेला दिसतो याला बहुतेक वेळा कॅमेरा जबाबदार नसतो, पाठीमागची खिडकी असते. कॅमेरा समोरचा एकूण उजेड मोजतो. मागून ऊन येत असेल तर तो सगळंच चित्र गडद करतो आणि तुम्ही ओळख लपवलेल्या साक्षीदारासारखे दिसता. टेबल असं फिरवा की खिडकी समोर किंवा जराशी तिरकी येईल. ऊन थेट तोंडावर येत असेल तर पातळ पांढरा पडदा पुरतो.

रात्री नुसत्या डोक्यावरच्या ट्यूबने डोळ्यांखाली काळी वर्तुळं दिसतात. टेबललॅम्प असेल तर तो तोंडावर रोखू नका, समोरच्या पांढऱ्या भिंतीवर मारा. परतून येणारा उजेड मऊ असतो. चष्म्यात दिवा चमकत असेल तर तो आणखी वर आणि बाजूला सरकवा. चित्रात आडवे पट्टे सरकत असतील तर कॅमेऱ्याचं फ्लिकरचं (दिव्यांच्या लुकलुकण्याशी जुळवून घेण्याचं) सेटिंग 60 हर्ट्झवर राहिलेलं असू शकतं. आपली वीज 50 हर्ट्झची आहे, तेव्हा तिथे 50 निवडा.

लॅपटॉप तसाच टेबलावर ठेवला की समोरच्याला तुमच्या नाकपुड्या आणि छताचा पंखा दिसतो. लेन्स डोळ्यांच्या रेषेत यायला तो साधारण 10 ते 15 सेंटिमीटर उचलावा लागतो. जुन्या दिवाळी अंकांचा गठ्ठा चालेल. मात्र मग कीबोर्ड वेगळा जोडा, नाहीतर टाइप करताना चित्र थरथरतं. स्क्रीनवरची बोलणाऱ्याची चौकट ओढून कॅमेऱ्याच्या अगदी खाली आणा, म्हणजे नजर आपोआप लेन्सजवळ राहते. बारीक रेघांचा किंवा चौकडीचा शर्ट टाळा, पडद्यावर त्याच्या लाटा उठतात.

आता आवाज, आणि खरं काम इथेच आहे. चित्र अडकलं तरी माणसं चालवून घेतात, शब्द तुटले की वैतागतात. फरशी, उघड्या भिंती आणि लोखंडी कपाट एवढंच असलेल्या खोलीत आवाज घुमतो. कपड्यांच्या कपाटाची दारं उघडी ठेवा, जमिनीवर सतरंजी टाका. फरक लगेच ऐकू येतो. ब्लूटूथच्या बऱ्याच इअरफोनमध्ये माइक चालू होताच आवाज डबक्यातून आल्यासारखा होतो, कारण त्याच जोडणीतून दोन्हीकडचा आवाज न्यायचा असतो. साधा वायरवाला इअरफोन इथे सरस ठरतो, फक्त त्याचा माइक कॉलरवर घासू देऊ नका. पंख्याची घरघर सॉफ्टवेअर बऱ्यापैकी कापतं, पण शेजारच्या खोलीतल्या गप्पा त्याला तुमच्याच बोलण्यासारख्या वाटतात. तिथे दार लावणं हाच उपाय.

लाइट जाते तिथे आणखी एक गोम आहे. इन्व्हर्टर सुरू होताना क्षणभर खंड पडतो. तेवढ्यात राउटर बंद होऊन पुन्हा चालू होतो आणि तुम्ही दोनेक मिनिटं कॉलबाहेर. राउटरला छोटा डीसी यूपीएस, म्हणजे वीज गेली तरी राउटर चालू ठेवणारी बॅटरी, लावा. घेताना राउटरच्या अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचा: बरेच राउटर 12 व्होल्टचे असतात, पण सगळे नाहीत. फायबरची तार ज्यात येते तो डबा राउटरपेक्षा वेगळा असेल तर त्यालाही हाच आधार द्या, नाहीतर राउटरचे दिवे लुकलुकत राहतील आणि इंटरनेट नसेल.