खड्डा कुणाचा?

डार्टमूरवर कॅमेरा काढण्याआधी डोंगरमाथ्यांवरचे लाल बावटे बघायचे. बावटा वर असेल तर गोळीबार चालू आहे. रात्री त्याच जागी लाल दिवे लागतात. इंग्लंडच्या डेव्हनमधल्या या 954 चौरस किलोमीटरच्या राष्ट्रीय उद्यानात, उत्तरेकडच्या उंच भागात, लष्कराच्या ओकहॅम्प्टन, मेरिव्हेल आणि विल्सवर्दी या तीन रेंज, म्हणजे गोळीबाराच्या सरावाच्या जागा, आहेत. वेळापत्रक आधी जाहीर होतं, पण वेळापत्रक आणि बावटा यांत तफावत दिसली तर ऐकायचं बावट्याचं.

जानेवारीतल्या त्या सकाळी बावटे खाली होते. ओकहॅम्प्टन रेंजवरच्या चौदा ठरलेल्या जागांची पुनर्छायाचित्रं घ्यायची होती. म्हणजे जुना फोटो जिथून काढला, तिथूनच, त्याच उंचीवरून, त्याच लेन्सने पुन्हा काढायचा आणि जमिनीत काय बदललं, त्यातलं लष्कराच्या सरावामुळे किती, ते बघायचं.

जानेवारीच का? उन्हाळ्यात मोलिनिया गवत गुडघ्यापर्यंत वाढतं आणि त्याखाली खड्डे गायब होतात. हिवाळ्यात ते सुकून पिवळं पडतं, आडवं होतं. शिवाय या अक्षांशावर जानेवारीच्या मध्यात भर दुपारीही सूर्य क्षितिजावर 18 अंशांच्या आसपासच असतो. अशा तिरप्या उजेडात वीतभर खोल चाकोरीचीही सावली लांब पडते. ढग आले की तीच जमीन सपाट दिसते, म्हणून जागांचा क्रम वाटेच्या सोयीने न लावता उजेडाप्रमाणे लावावा लागतो.

जागा सापडायला जीपीएस पुरत नाही, त्यात तीन ते पाच मीटरचा फरक राहतो. जुन्या फोटोची प्रिंट हातात धरायची. त्यातल्या जवळच्या खडकाचं टोक लांबच्या टॉरच्या (टॉर म्हणजे माथ्यावर उघडा पडलेला ग्रॅनाइटचा ढीग) कोणत्या कडेला टेकतं ते बघायचं आणि ते जुळेपर्यंत डावी-उजवीकडे सरकायचं. मग पुढे-मागे सरकण्यासाठी दुसरी अशीच जोडी. दोन जोड्या जुळल्या की चूक वीतभरावर येते. लेन्सची उंची दीड मीटर, फोकल लेंथ 35 मिलिमीटर, दिशा होकायंत्राने, आणि हे सगळं तिथल्या तिथे वहीत. आदल्या फेरीत कुणीतरी लेन्सची उंचीच नोंदवली नव्हती. तीन जागांचे फोटो त्यामुळे एकमेकांवर बसेनात.

पायाखाली पीट असतं. पाण्यात पूर्ण न कुजलेल्या शेवाळाचा आणि गवताचा हा काळा, स्पंजासारखा थर. त्यावर ट्रायपॉडचा पाय दोन फोटोंच्या मधल्या वेळातसुद्धा खचतो. म्हणून प्रत्येक पायाखाली प्लायवूडची एकेक चकती ठेवतो. टोकदार खिळे असलेले पाय इथे वापरत नाही, त्याचं कारण मात्र खचण्यापेक्षा गंभीर आहे. मऊ जमिनीवर पडलेल्या गोळ्याचा फ्यूज (स्फोट घडवणारी कळ) कधीकधी पेटतच नाही, आणि गोळा आत रुतून राहतो. अशा जमिनीत काहीही खुपसायचं नाही, धातूचं काही दिसलं तर हात लावायचा नाही. लांबूनच फोटो, जागेची नोंद, रेंजच्या लोकांना कळवणं, बस. खड्ड्यातल्या पाण्याची खोली काठीने मोजायचा मोह होतो, मोजत नाही.

मापाची काठी खड्ड्याच्या काठाशी नुसती आडवी ठेवतो. सर्वेक्षणात लाल-पांढऱ्या पट्ट्यांची काठी नेहमीची, पण रेंजच्या हद्दीचे खांबही लाल-पांढरेच. फोटोत घोटाळा नको म्हणून आमची काठी काळी-पिवळी. एक्सपोजरचंही एक सांगून ठेवतो: फ्रेमभर काळं पीट असेल तर कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर फसतो आणि ते राखाडी करून टाकतो. एक स्टॉप कमी करावा, म्हणजे उजेड निम्मा घ्यावा. आकाश फ्रेममध्ये आलं की उलट होतं. पहिल्या फ्रेममध्ये ग्रे कार्ड (रंग जुळवायला ठेवलेलं ठरावीक राखाडी कार्ड) हवंच, कारण पीट किती तपकिरी आणि शेवाळ किती हिरवं यावरूनच खड्ड्याचं वय ताडायचं असतं. ताज्या खड्ड्याची कड धारदार असते, भोवती उघड्या पीटचे शिंतोडे. जुन्याची कड गोल होते, आत पाणी साचतं, मग स्फॅग्नम शेवाळाचा पोपटी गालिचा चढतो.

त्या दिवसाचा खरा प्रश्न नवव्या जागेवर उभा राहिला. आदल्या नोंदीत तिथे ‘तोफगोळ्याचा खड्डा’ लिहिलं होतं. साधारण दोन मीटर रुंद, गोल, पाण्याने भरलेला. चुकीचं वाटावं असं काही नव्हतं. पण साडेनऊला ऊन कडेने आलं आणि उताराच्या खालच्या अंगाला मातीचा गवताळलेला ढिगारा उठून दिसला, फक्त त्याच बाजूला. स्फोट माती चहूकडे उडवतो. फावड्याने खणणारा माणूस ती सोयीने उताराकडे टाकतो. प्रिंटवर नजर फिरवली तर उतारावर सरळ रेषेत तशाच आणखी चार खळग्या. कथिलाची शीर शोधणाऱ्या खाणकामगारांचे ते चाचणी-खड्डे, लष्कर इथे येण्याच्या कितीतरी आधीचे.

डार्टमूरवर हीच मेख आहे. इथे प्रत्येकाने जमीन उकरली आहे: कांस्ययुगातल्या वस्तीने, कथिलवाल्यांनी, जळणासाठी पीट कापणाऱ्यांनी, गुरांच्या खुरांनी, पायी फिरणाऱ्यांनी. जळालेला पट्टा दिसला तर तो गोळीबारातल्या आगीचाच असेल असं नाही. गवत आणि झुडपं मुद्दाम जाळण्याची, म्हणजे स्वेलिंगची, इथे जुनी रीत आहे, आणि अशा डोंगराळ भागात त्याची मुभा 1 ऑक्टोबर ते 15 एप्रिल. चाकोरी दिसली तर दोन्ही चाकांमधलं अंतर मोजायचं: मेंढपाळाची क्वाडबाइक मीटरच्या आत-बाहेर, लँडरोव्हर दीड मीटर. तरीही लँडरोव्हर शेतकऱ्याकडेही असते आणि लष्कराकडेही, तेव्हा चाकोरी कुठून निघून कुठे जाते तेही फ्रेममध्ये यायला हवं.

यात चूक झाली तर ती कुणाच्या तरी बाजूने वापरली जाते. लष्कराच्या इथल्या वावरावर 1975-76 मध्ये लेडी शार्प यांच्यासमोर सार्वजनिक चौकशी झाली होती, आणि तो वाद अजून शमलेला नाही. अशा ठिकाणी एक चुकीची ओळ दहा बरोबर फोटोंना संशयात टाकते. माझा स्वतःचा कल सांगायचा तर राष्ट्रीय उद्यानात गोळीबार मला पटत नाही, म्हणूनच कथिलवाल्याचा खड्डा लष्कराच्या नावावर घालायला मी तयार नाही.

निःसंशय लष्करी खुणा त्या दिवशी इतर जागांवर मिळाल्याच. एका ग्रॅनाइटच्या शिळेवर फुटलेल्या गोळ्याच्या किरच्यांचे फिकट ओरखडे होते. आपल्या गोड्या मसाल्यातलं दगडफूल असतं त्याच जातकुळीचे लायकेन या दगडांवर राखाडी थर धरून असतात, आणि ते इतके सावकाश वाढतात की ओरखडा वर्षानुवर्षं उघडा राहतो. अशा शिळेला दुपारचा सपाट उजेड चालतो, कारण इथे फरक रंगाचा आहे, उंचवट्याचा नाही. रो टॉरजवळ नेमबाजीच्या सरावातल्या फिरत्या लक्ष्यासाठी घातलेल्या जुन्या छोट्या रेल्वेबद्दल तर वादच नको. तिचा बांध दोन्ही बाजूंनी टिपला.

अकराव्या जागेनंतर धुकं उतरलं. लेन्सवर दव धरलं, लांबचा टॉर दिसेना, आणि टॉर दिसत नसेल तर कडा जुळवता येत नाहीत. तीन जागा राहिल्या. नवव्या जागेची जुनी ओळ खोडली नाही, तिच्याखाली तारीख, वेळ आणि उजेडाची दिशा लिहून नवी ओळ घातली: ‘चाचणी-खड्डा, पाचांच्या रांगेतला, ढिगारा उताराकडे.’