ट्रेनिंग होतं, सह्या होतात, तरी तीच चूक का?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. चाकण असो, भोसरी असो की वाळूज, प्रॉडक्शन सांभाळणारा माणूस भेटला की हा प्रश्न ठरलेला. "ट्रेनिंग दिलंय, हजेरीच्या कागदावर सह्या आहेत, शेवटच्या पेपरात मार्कही बरे पडलेत. मग लाइनवर पुन्हा तेच कसं?"

यावर माझा एक उलटा प्रश्न असतो. त्या ऑपरेटरला आत्ता मशीनसमोर उभं करून, घाई न लावता, "बरोबर करून दाखव" म्हटलं तर जमेल का? जमत असेल तर ट्रेनिंगचा संबंधच नाही. त्याला येतं, पण तो करत नाही. दर दहाव्या जॉबला (मशीनवर बनणाऱ्या तुकड्याला) माप घ्या असा फलक लावलाय, पण दोन मशीनना मिळून मायक्रोमीटर, म्हणजे बारीक माप घ्यायचं साधन, एकच. माप घेत बसलं तर टार्गेट हुकतं आणि त्यावरून बोलणी खावी लागतात. माप घेतलं नाही तर कुणी विचारतही नाही. तिथे ट्रेनिंगची आणखी एक बॅच लावायची म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

खरंच जमत नसेल तर पुढचं सांगतो.

बहुतेक ठिकाणी ट्रेनिंग विषयावरून बेततात: 'सीएनसीची (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनची) ओळख', 'मापनाची साधनं'. ते चुकीवरून बेतावं. रिजेक्शनचं रजिस्टर काढा, गेल्या तीन महिन्यांत माणसाच्या हातून वारंवार झालेली एक चूक उचला. एकच. समजा टर्निंगला (जॉब फिरवत कापताना) बाहेरचा व्यास मोठा येतोय, आणि मुळाशी ऑफसेट, म्हणजे टूलची जागा दुरुस्त करायचा आकडा, भरताना गोंधळ होतोय.

आता तो गोंधळ अगदी जवळून बघा. व्यास हवा 30.00 मिलिमीटर, आला 30.02. म्हणजे 0.02 कमी करायचा. वेअर ऑफसेटच्या (टूलच्या झिजेसाठीच्या दुरुस्तीच्या) एक्सच्या, म्हणजे व्यासाच्या, रकान्यात आधीचा उणे 0.15 आहेच. फानुक कंपनीच्या कंट्रोलरच्या स्क्रीनवर उणे 0.02 टाइप करून 'प्लस इनपुट' दाबलं की तो आकडा जुन्यात मिळवला जातो, उणे 0.17 होतो आणि पुढचा जॉब मापात येतो. घाईत नुसतं 'इनपुट' दाबलं, तर जुना आकडा जातो आणि त्याच्या जागी उणे 0.02 बसतो. पुढचा जॉब 30.15! ऑपरेटर चक्रावतो: कमी करायला गेलो आणि वाढलं कसं? हा मोठा आलेला जॉब रिवर्कने, पुन्हा कापून, वाचतो. पण गोंधळून तो पुढे जे काही भरतो, त्याने लहान झालेला जॉब थेट भंगारात जातो.

चाळीस स्लाइडच्या पीपीटीत ऑफसेटची व्याख्या असते, आकृती असते. हे बटण नसतं.

यावरचा उतारा जुनाच आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, 1940 ते 1945, अमेरिकेत 'ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री' नावाचा सरकारी कार्यक्रम चालला. कारखान्यांत नवखी माणसं भराभर तयार करायची होती, म्हणून आधी सुपरवायझरांनाच शिकवायचं कसं ते शिकवलं. दहा जणांचा गट, दोन-दोन तासांची पाच सत्रं, बस. युद्धानंतर ही पद्धत जपानात गेली आणि टोयोटाने ती अंगी लावून घेतली. तिचा कणा म्हणजे एक साधा कागद. आज तो वापरतात त्यात तीन रकाने असतात: टप्पा, खुबी आणि कारण. खुबीच्या रकान्यात सगळं ज्ञान ओतायचं नाही. जिथे काम बिघडतं, जिथे माणसाला इजा होऊ शकते किंवा जिथे हाताची एखादी लकब काम सोपं करते, तेवढंच.

ऑफसेटच्या कागदावर पाच टप्पे पुरतात. पहिला, माप घेणं. खुबी: जॉब थंड होऊ द्या. कारण: 50 मिलिमीटरचा स्टीलचा जॉब 30 अंशांनी गरम असेल तर तो साधारण 17 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) फुगलेला असतो, आणि ड्रॉइंगवर टॉलरन्सच, म्हणजे मापात चालणारा फरकच, दहा-वीस मायक्रॉनचा असेल तर संपलंच. दुसरा, फरक काढून चिन्हासकट तोंडाने म्हणणं. तिसरा, टूल आणि ऑफसेट यांचे नंबर जुळवणं. चौथा, दशांश चिन्ह बघून आकडा टाइप करणं आणि प्लस इनपुट. पाचवा, रकान्यातला नवा आकडा वाचणं: होता उणे 0.15, झाला उणे 0.17. हा पाचवा टप्पा लोक गाळतात, आणि चौथ्यातली चूक पकडायची जागा नेमकी तीच असते.

शिकवणाऱ्याने काम तीनदा करून दाखवायचं. पहिल्यांदा फक्त टप्पे बोलत, मग खुब्यांसह, मग कारणांसह. त्यानंतर शिकणाऱ्याने करायचं, आधी गप्प राहून, मग हेच सगळं स्वतः बोलत. एका माणसाला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. "समजलं का?" हा प्रश्न मात्र बंद. त्याला "हो साहेब"शिवाय उत्तर येत नाही, विशेषतः चार ज्युनिअर पोरं बाजूला उभी असताना. पंधरा वर्षं मशीनवर काढलेल्या माणसाला तर आधी विचारायचं, "हे काम तुमच्याकडे कुठे बिघडायचं?" निम्म्या खुब्या त्याच्याकडूनच मिळतात, आणि स्वतःचं म्हणणं कागदावर आलेलं दिसलं की तो शिकायलाही बसतो. लाइनवर बिहार-ओडिशाकडची कंत्राटी मुलं असतील तर कागद हिंदीत काढा. बटणांची नावं मात्र स्क्रीनवर दिसतात तशीच ठेवा.

शेवटच्या पेपराचं म्हणाल, तर तो ताज्या आठवणीचा पेपर असतो. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांचा 2006 सालचा प्रयोग आहे. उतारा पुन्हा वाचणारे विद्यार्थी पाच मिनिटांनंतर पुढे होते, पण आठवड्यानंतर पुढे निघाले ते न बघता आठवून लिहिणारे. म्हणून तपासणी दुसऱ्या दिवशी, आठवड्याने आणि महिन्याने करा, पाच-पाच मिनिटं, मशीनवरच. आणि तपासणीत चूक व्हायला वाव ठेवा. मायक्रोमीटरवर अर्ध्या मिलिमीटरची रेघ नजरेतून सुटली की 12.78 चं 12.28 वाचलं जातं. तुम्ही दिलेल्या दहाही तुकड्यांत ती रेघ उघडी पडत नसेल, तर सगळे पास होतील आणि चूक तशीच राहील.

आयएसओ 9001 या गुणवत्तेच्या मानकात ट्रेनिंगची परिणामकारकता तपासा असं आहे, म्हणून तीन महिन्यांनी एचआरचा फॉर्म फिरतो आणि सुपरवायझर एका बैठकीत वीस जणांपुढे 'गुड' लिहून मोकळा होतो. त्यापेक्षा त्या एकाच चुकीचे आकडे मांडा, त्याच मशीनवरचे, त्याच पार्टचे, आधीचे आणि नंतरचे. मधे पार्ट बदलला असेल तर तुलना सोडून द्या.

राहिलं शिकवायचं कुणी. सेटरने, म्हणजे मशीन लावून देणाऱ्याने, कारण रोज हात त्याचाच असतो. पण तेवढ्या तासांचं टार्गेट त्याच्या नावावरून उतरवा, तेही लेखी. नाहीतर तो "बघ, हे असं दाबायचं" म्हणेल आणि आपल्या मशीनकडे पळेल.