लाल बर्फ

मी मूळचा वेंगुर्ल्याचा, गेली नऊ वर्षं गोव्यात बारटेंडर आहे. हॉटेलची नोकरी असते आणि सीझनला लग्नांची कामं घेतो. ही गोष्ट अशाच एका रिसेप्शनची आहे, उत्तर गोव्यातल्या बार्देश तालुक्यातल्या एका जुन्या घराच्या अंगणातली, एप्रिलचा मधला आठवडा, २२० पाहुणे आणि उकाडा असा की दुपारी चार वाजता बाटल्यांची लेबलं घामेजून सुटायला लागलेली.

दोन बार होते. एक गेटजवळ, तिथे बियर, वाईन आणि उर्राक (काजूच्या बोंडांच्या रसाची पहिल्या धारेची हलकी दारू, मार्च ते मे तिचा सीझन, त्यामुळे पाहुण्यांना ती हवीच असते, लिंबू मीठ आणि उभी चिरलेली हिरवी मिरची घालून). दुसरा आंब्याखाली, तो माझा, कॉकटेल्सचा. मेनूतलं मुख्य ड्रिंक मीच बसवलेलं, काजू फेणी ४५ एमएल, कोकमाचं आगळ (मीठ घातलेला कोकमाचा दाट रस) २०, लिंबाचा रस १५, साखरेचा पाक १५ आणि अर्धी मिरची ठेचून. आगळात मीठ असतंच म्हणून वरून मीठ नाही.

मदतीला एक नवीन पोरगा दिलेला, दोडामार्गकडचा, वीस-एकवीसचा, बर्फ भरणं आणि ग्लास पुसणं हे त्याचं काम. मी रबरी मॅटवर माझं सामान मांडत होतो आणि तो शेजारी उभा राहून बघत होता. शेवटी त्याने विचारलंच, "दादा, एवढ्या सगळ्याची गरज असते का, की दिसायला बरं?"

मला आवडलं त्याने विचारलं ते. मी एकेक वस्तू त्याच्या हातात दिली. हा जिगर, म्हणजे दारू मोजायचं दुतोंडी माप, एका बाजूला ६० एमएल, दुसऱ्या बाजूला ३०, आत १५ आणि ४५ च्या रेघा. दोन बोटांत धरायचा, आडवा सपाट, आणि काठोकाठ भरायचा, कारण २० च्या जागी २८ आगळ पडलं की तेच ड्रिंक खारट आणि आंबट होतं आणि पाहुणा म्हणतो फेणीच वाईट. फेणीची बदनामी निम्मी अशीच झालेली आहे असं माझं ठाम मत आहे. २००९ साली काजू फेणीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, पण पहिला घोट नीट मोजून दिलेला नसेल तर त्या टॅगचा काय उपयोग. मग मडलर, म्हणजे ग्लासात मिरची-पुदिना दाबायचा दांडा, त्याने कुटायचं नसतं, दाबून थोडा पीळ द्यायचा. मिरचीला जरा जोर चालतो पण पुदिन्याला नाही, पान फाटलं की कडवट. बार स्पून म्हणजे लांब पीळदार दांड्याचा चमचा, त्याची पाठ ग्लासच्या भिंतीला लावून फिरवायचा, बर्फ नुसता गोल सरकला पाहिजे, आपटला नाही पाहिजे. स्प्रिंगवाली जाळी शेकरवर आणि खाली आपली चहाच्या गाळणीसारखी बारीक गाळणी, म्हणजे मिरचीचं बी कोणाच्या दातात जायला नको.

शेकर मात्र त्याला फार आवडला. दोन स्टीलचे टिन, मोठा आणि छोटा. छोटा जरा तिरका बसवायचा, तळव्याने एक ठोका द्यायचा, हलवताना छोट्याचं बूड आपल्या खांद्याकडे, चुकून सुटलाच तर सांडेल ते आपल्या अंगावर, पाहुण्यावर नाही. दहा-बारा सेकंद जोरात. थंडीने आतली हवा आकसते आणि टिन एकमेकांना घट्ट धरतात, ते उघडताना पिळायचे नसतात, तळव्याच्या मनगटाकडच्या भागाने बाजूला जिथे फट सुरू होते तिथे एक टोला. त्याला ते दाखवायचं होतं पण तेवढ्यात बर्फाची गाडी आली आणि मी म्हटलं नंतर दाखवतो.

बर्फ. सगळी गोष्ट त्याचीच आहे.

उन्हाळ्यात मी माणशी किलोभर बर्फ धरतो. माझ्या बारला मोठी थर्मोकोलची भिंत असलेली आइस बॉक्स होती, साठेक किलो ट्यूब आइस मावेल अशी. शिवाय कारखान्यातल्या चार लाद्या, त्या फक्त बाटल्या गार करायला टबात, ग्लासात कधीच नाही, कारण तो खायचा बर्फ नसतो. (महाराष्ट्रात २०१८ ला एफडीएने, म्हणजे अन्न व औषध प्रशासनाने, असल्या बर्फात निळा रंग घालायला लावला तो याच कारणासाठी.) आणि बर्फ काढायला स्कूप. दोन बार, दोन स्कूप. संध्याकाळी सातला माझा स्कूप जागेवर नव्हता. आइस्क्रीमच्या काउंटरवरचा कोणीतरी "दोन मिनिटं" म्हणून घेऊन गेला होता. मला ते दिसलं होतं. आणून घेऊ म्हटलं आणि पाहुणे यायला लागले, आणि मी चिमट्याने काम चालू केलं. दोनशे-तीनशे रुपयांची वस्तू, पण ती जागेवर नसताना मी बार उघडला, हे माझ्याच हातून झालं.

नऊच्या सुमाराला गर्दी उसळली. स्टेजवर केक कापून झाला की सगळे एकदम बारकडे येतात हे ठरलेलंच आहे. समोर चार रांगा, मी दोन शेकर एकावेळी हलवतोय, पोरगा ग्लासांत बर्फ भरतोय. चिमट्याने एकेक तुकडा उचलून एवढ्या गर्दीत भागत नाही, हे कोणालाही कळेल. आणि मला आवाज आला. गर्दी, डीजे, जनरेटर, सगळ्यातून तो आवाज कानात शिरला, बारीक कोरडा "टिक्".

मी वळलो. त्याचा हात बॉक्समध्ये मनगटापर्यंत, हातात उंच ग्लास. ग्लास बर्फात बुडवून भरत होता. नुकताच गरम पाण्यातून धुऊन आलेला कोमट ग्लास, त्यात कडक बर्फावर आपटलेला. त्याने तो वर काढला, काठाला नखाएवढा चंद्रकोरीसारखा तुकडा नव्हता. तो ग्लास हळूच कचऱ्यात टाकू शकला असता, त्या गर्दीत मला कळलंही नसतं. त्याने तसं केलं नाही. पांढऱ्या पडलेल्या चेहऱ्याने म्हणाला, "दादा, गिलास फुटलो. तुकडो आत पडलो वाटता."

माझ्या हाताशी ग्रेनेडिनची बाटली होती, डाळिंबाचं लाल सिरप. मी ती उघडली आणि अख्खी बर्फावर ओतली. पहिल्या हॉटेलात माझ्या सीनियरने शिकवलेलं ते, काच पडली की सर्वांत आधी बर्फ लाल करायचा, म्हणजे घाईत दुसरा कोणी येऊन चिमटाभर सुद्धा उचलणार नाही. काच आणि बर्फ, दोन्ही पारदर्शक, दोन्ही टोकदार, डोळ्यांनी वेगळं करता येत नाही. काउंटरवर बर्फ भरून ठेवलेले सहा ग्लास होते ते मोरीत ओतले, माझ्या शेकरमधला बर्फ पण.

इव्हेंटचा माणूस धावत आला. त्याचंही चूक नव्हतं, वरमाय स्वतः रांगेत उभी होती. म्हणाला, वरचा थर काढून टाका ना, बाकीचा काय वाईट आहे, साठ किलो बर्फ आहे हो. मी म्हटलं, नाही. तो म्हणाला, किती वेळ? मी म्हटलं, वीस-पंचवीस मिनिटं. आवाज चढवला त्याने. मी नाही चढवला पण हललो पण नाही. काचेचा कण घशात गेला तर काय होतं याची चर्चा मला त्या माणसाशी लग्नाच्या मांडवात करायची नव्हती.

पोरगा आणि मी कॅटररच्या ट्रेने बर्फ उपसून प्लास्टिकच्या पिंपात भरला. गवतावर ओतला असता तर काम सोपं झालं असतं, पण सकाळी त्या अंगणात माळी अनवाणी फिरणार. वरच्याच थरात मोठा तुकडा सापडला, लाल सिरपमुळे उठून दिसला. मी तो चिमट्याने उचलून काळ्या ट्रेवर त्या फुटक्या ग्लासच्या काठाला लावून बघितला. मोबाईलच्या टॉर्चमध्ये स्पष्ट दिसलं, तुकडा बसतोय पण मध्ये तांदळाच्या दोन दाण्यांएवढी फट राहतेय. ती काच कुठेतरी त्या साठ किलोत होती. इव्हेंटवाल्याला ती फट दाखवली. तो काही न बोलता गेला आणि गेटजवळच्या बारचा निम्मा बर्फ माझ्याकडे वळवायची व्यवस्था त्याने स्वतः केली.

मग गरम पाणी. आचाऱ्याकडे भाताचं पातेलं उकळत होतं तिथून दोन बादल्या आणल्या, बॉक्समध्ये ओतल्या, कोपऱ्यातला बर्फ वितळला, बूच काढून पाणी पांढऱ्या फडक्यातून गाळलं. फडक्यावर एक कण चमकला. दुसरा नाहीच मिळाला. म्हणून परत धुतलं, परत गाळलं, तीन वेळा. आतून पुसायला ओले जाड पेपर नॅपकिन, घडी करून, बोट काचेला लागणार नाही असे, प्रत्येक वेळी नवीन. आणि मी त्याला विचारलं, किती वेळ ग्लासनेच काढत होतास? अर्धा तास, म्हणाला. तेव्हा त्या रॅकमधले सगळे ग्लास उजेडात धरून काठ तपासले. वापरून ट्रेमध्ये परत आलेले, तेही. बाकी सगळे शाबूत निघाले तेव्हा कुठे माझ्या छातीतला दगड उतरला.

तेवढ्या वेळात बार पूर्ण बंद नव्हता. शेवटच्या तासासाठी म्हणून मी ते कोकमवालं ड्रिंक आठ बाटल्या आधीच बनवून ठेवलं होतं, पाचवा हिस्सा पाणी मिसळून, कारण शेक करताना बर्फ वितळून साधारण तेवढं पाणी आत जातंच आणि त्याशिवाय ते जहाल लागतं. बाटल्या लादीच्या टबात दुपारपासून गार पडलेल्या. त्या उघडल्या, गाळणीतून छोट्या ग्लासात बर्फाशिवाय द्यायला लागलो. वरमायने दोन घेतले.

पण नवीन बर्फ आला तरी काढायचा कशाने? आइस्क्रीमवाल्याचा स्कूप त्याच्या बादलीत कुठेतरी हरवलेला. मी पाणी आणायला आचाऱ्याकडे गेलो होतो तेव्हा तिथे ओगराळं दिसलं होतं. लांब दांड्याचं, खोल वाटीचं स्टीलचं ओगराळं, चार पावलांवर टांगलेलं. लहानपणी मी शाळेतून आलो की माठात पेला बुडवायला जायचो आणि आई पडवीतूनच ओरडायची, "पेलो बुडव नको रे, ओगराळ्यान काढ." उष्ट्याचं म्हणून ती सांगायची. हात पाण्याला लागू नये, पेला पाण्याला लागू नये. स्कूपचं काम याहून वेगळं काय असतं? बर्फाला फक्त एकच गोष्ट लागली पाहिजे, आणि ती धातूची पाहिजे, आणि तिचा दांडा बर्फात पुरून ठेवायचा नाही, बाजूला स्वच्छ भांड्यात. मी ते उकळत्या पाण्याखाली धरलं आणि पोराच्या हातात दिलं. रात्री साडेबारापर्यंत पोराने ओगराळ्यानेच बर्फ काढला, एका वाटीत एक ग्लास बरोबर भरत होता.

दीड वाजता सामान धुताना तो गप्पच होता. मी शेकरमध्ये पाणी आणि उरलेला बर्फ घालून त्याच्याकडे दिला आणि दुपारी राहिलेलं दाखवलं, कुठे टोला मारायचा ते. पहिल्या तीन वेळा उघडला नाही. चौथ्यांदा उघडला, अर्धं पाणी त्याच्या शर्टवर, आणि तो त्या रात्रीतला पहिल्यांदा हसला.

पुढच्या शुक्रवारी म्हापशाच्या बाजारातून मी दोन ओगराळी घेतली. एक माझ्या बॅगेत असतं, दोन स्कूपच्या शेजारी, आणि स्कूपला आता नायलॉनची दोरी आहे, ती मी बॉक्सच्या कडीला बांधतो, मगच बाटल्या मांडतो. दुसरं त्या पोराला दिलं.