मोती, मेंढरं आणि 7+

मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही कोल्हापूरला आईकडे होतो, तिथे हे सगळं सुरू झालं. बहिणीचा मुलगा अकरा वर्षांचा, त्याच्या टॅबवर माइनक्राफ्ट, आणि आमची मनी (वय साडेसहा, पहिली नुकतीच संपलेली) त्याच्या खांद्याला चिकटून तासन्‌तास नुसती बघत बसलेली. तिसऱ्या दिवशी अपेक्षेप्रमाणे प्रश्न आला, आई मला पण हा गेम देशील का. मी म्हटलं बघू. आमच्या घरात बघू म्हणजे नाही हे तिला कळतं, त्यामुळे ती लगेच म्हणाली, बघू नको, खरं सांग.

आता खरं काय सांगणार, मला त्या गेममधलं शष्प माहीत नव्हतं. चौकोनी माणसं चौकोनी झाडं तोडतात एवढंच लांबून दिसायचं.

त्याच दिवशी दुपारी आई शेंगा सोलत शेजारी बसली होती आणि टॅबकडे एक डोळा. दादाला रात्र व्हायच्या आत पलंग बनवायचा होता, त्याला लोकर लागते, म्हणून त्याने समोर दिसेल ती मेंढी बदडायला सुरुवात केली. मेंढी लाल व्हायची, पळायची, की धप्प आणि गायब. माझी आई पट्टणकोडोलीकडची, धनगरांच्या शेजारात वाढलेली, तिला ते बघवेना. "आरं लोकर पायजे तर कातर घे की, मेंढरू कशाला मारतोयस?" दादा म्हणाला आजी कातर असते गेममध्ये, पण ती बनवायला आधी लोखंड शोधायला लागतं, मारणं सोपं पडतं. आई म्हणाली, "सोपं पडतंय म्हणून मारायचं व्हय!" आणि परत शेंगा.

नंतर मी बघितलं तर आईचं गणितही बरोबर होतं. मेंढी मारली की लोकरीचा एकच ठोकळा मिळतो, कातरली तर एक ते तीन, वर मेंढीने गवत खाल्लं की लोकर परत येते. म्हणजे ज्याने कुणी तो गेम बनवलाय त्याने धनगराचा हिशोब आत घालून ठेवलाय, फक्त घाईतल्या पोरांना तो दिसत नाही. माझं मत तिथे थोडं हललं हे कबूल करते.

पुण्यात आल्यावर प्ले स्टोअर उघडलं. माइनक्राफ्टवर 7+. मनीला सात नोव्हेंबरमध्ये पूर्ण होणार. मग काय करायचं, केक कापून रात्री बारा वाजता इन्स्टॉल करायचं का? मी आपली वाचत बसले की हा आकडा येतो कुठून, आणि जे कळलं त्याने डोकं साफ होण्याऐवजी अजून गोंधळलं. युरोपात पेगी नावाची पद्धत आहे 2003 पासूनची, त्यात 3, 7, 12, 16, 18 असे टप्पे. अमेरिकेत ईएसआरबी, ती 1994 ची, 'मॉर्टल कॉम्बॅट'सारख्या गेममधल्या रक्तपातावरून तिकडच्या सिनेटमध्ये आदल्या वर्षी गदारोळ झाला त्यातून निघालेली. आणि गंमत म्हणजे हाच माइनक्राफ्ट युरोपात 7 आणि अमेरिकेत 10+. तेच झॉम्बी, तोच हिरवा क्रीपर जो मागून येतो, फुस्स करतो आणि फुटतो. मग तीन वर्षांचा फरक कुणाच्या पोरांमधला, त्यांच्या की यांच्या?

आपल्याकडे सिनेमाला सेन्सॉर बोर्ड आहे, आता तर यूए मध्ये पण 7+, 13+, 16+ असे भाग केलेत 2024 पासून. गेमसाठी असं आपलं बोर्ड नाही. प्ले स्टोअरवर जो आकडा दिसतो त्यासाठी गेमवालाच एक प्रश्नावली भरतो, रक्त आहे का, शिव्या आहेत का, जुगार आहे का वगैरे, आणि उत्तरांवरून वय ठरतं. खोटं भरलं तर कारवाई होते म्हणे, ते ठीक आहे, पण प्रश्न गेमच्या चित्राबद्दलचे आहेत हे लक्षात घ्या. तुमचं पोर कसं आहे हे त्यात कुणी विचारत नाही, विचारणार तरी कसं. अजून एक, पेगीवाले स्वतःच सांगतात की आकडा म्हणजे गेम जमेल का ते नव्हे, फक्त आत काय दिसतं ते. बुद्धिबळाच्या गेमला 3 मिळेल, म्हणून बालवाडीतलं पोर घोडा अडीच घरं चालवेल असं नाही.

आणि 3+ वरून मला आमचा जुना किस्सा आठवला, तो सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. ऑगस्ट 2025 मध्ये पैसे लावून खेळायच्या गेमांवर बंदीचा कायदा झाला, त्याआधीची गोष्ट. मांजराला आंघोळ घालायचा एक फुकट गेम होता, नाव नाही घेत, गुलाबी रंग, 3+, मी डोळे झाकून फोनवर टाकून मनीच्या हातात दिला होता आणि स्वयंपाक करत होते. दर दोन मिनिटांनी जाहिरात. एका जाहिरातीत अंधाऱ्या घरात एक बाई मुलीच्या मागे धावतेय, पुढच्या जाहिरातीत पत्ते खेळा आणि पैसे जिंका. बंद करायची फुली मुगाच्या डाळीएवढी, तीही दहा सेकंदांनी उगवणार, मनीचं बोट दर वेळी बाजूला पडायचं आणि थेट डाउनलोडच्या पानावर. मांजराच्या शॅम्पूला रत्नं लागतात, रत्नांना पैसे. त्या रात्री मनी लाइट लावूनच झोपली, मला कारण कळायला दोन दिवस लागले. म्हणजे आकडा 3, मांजर 3, शॅम्पू 3, पण मांजराच्या आजूबाजूला जे काही चाललंय त्याला कुठलं वय लावणार?

तेव्हापासून मी एक सोपी चाचणी करते. फोन एअरप्लेन मोडवर टाकायचा आणि गेम उघडायचा. उघडला आणि नीट चालला तर निम्मी काळजी गेली, कारण जाहिराती गेल्या आणि अनोळखी माणसंही गेली. माइनक्राफ्ट एकट्याने खेळायचा असेल तर असा चालतो. विकत घ्यावा लागतो हे खरं, नवरा कुरकुरला की गेमला कसले पैसे, पण मला आता फुकट गेमची जास्त भीती वाटते. (आतमध्ये त्यांचं पण दुकान आहेच, त्यामुळे प्रत्येक खरेदीला पासवर्ड मागायची सेटिंग आधी करून घ्या, मग हातात द्या.)

मग मी काय केलं, मनी झोपल्यावर आठवडाभर स्वतः खेळले. सुरुवातीला अर्धा तास मला मान वर कशी करायची तेच कळेना, मी आभाळाकडे बघत झाडाला धडकत होते. पण त्या आठवड्यात जे कळलं ते दहा रिव्ह्यू वाचून कळलं नसतं. एक पीसफुल म्हणून सेटिंग आहे, ते लावलं की झॉम्बी, क्रीपर, सांगाडे येतच नाहीत, भूकही लागत नाही. मला वाटलं झालं, सुटलो. मग मी गुहेत उतरले आणि अंधारात एकदम कुठून तरी तो आवाज आला, कुणीतरी लांबून श्वास ओढल्यासारखा, रात्री पावणेबाराला, मी टॅब उशीवर टाकला हो. पीसफुलमध्येही गुहेतले आवाज चालू राहतात! मनीला राक्षस चित्रात चालतो पण न दिसणारा आवाज चालत नाही, प्रेशर कुकरची शिट्टी लांबून आली तरी विचारते कुणाकडची. मग सेटिंगमध्ये आवाजांच्या वेगवेगळ्या पट्ट्या आहेत त्यातली आजूबाजूच्या आवाजाची पट्टी शून्यावर. मल्टिप्लेअर बंद. आणि जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, सात पूर्ण व्हायला पाच महिने असताना, दिला.

वेळेचं भांडण होणार हे गृहीत होतं. या गेमला लेव्हल नाही, शेवट नाही, त्यामुळे "एवढं संपवून ठेवते" ला अर्थच नाही, कधीच काही संपत नाही. पण गेममधला एक दिवस वीस मिनिटांचा असतो, सूर्य उगवतो मावळतो. म्हणून आमच्याकडे नियम झाला की दोनदा सूर्य मावळला की बंद. घड्याळाशी ती भांडते, सूर्याशी नाही भांडत, का कुणास ठाऊक. फक्त ती आता गेममध्ये झोपत नाही, कारण पलंगावर झोपलं की रात्र उडते आणि तिचा वेळ कमी होतो. तीन मेंढ्या रीतसर कातरून केलेला पलंग नुसता शोभेला आहे. आजीला व्हिडिओ कॉलवर दाखवून झाला.

तर सगळं आखीवरेखीव चाललं होतं आणि जुलैमध्ये मोती मेला.

मोती म्हणजे तिच्या दुसऱ्या वर्ल्डमधला (गेममध्ये वेगळा मांडलेला डाव म्हणजे वर्ल्ड) कुत्रा, तिथे सगळं सामान फुकट मिळतं. लांडग्याला हाडं दिली की तो माणसाळतो, गळ्यात लाल पट्टा येतो, मागे मागे फिरतो. नाव कसं द्यायचं ते दादाने कॉलवर शिकवलं. मनीने लाकडाचं घर बांधलं, मोतीला आत बसवलं, तू इथे बस मी येते असं त्याला तोंडाने सांगितलं सुद्धा, आणि घरात आजीसारखी चूल पाहिजे म्हणून मधोमध बादलीने लाव्हा ओतला. छान लाल दिसत होता. ती बाहेर फुलं आणायला गेली. परत आली तर घराची एक भिंत नाही, छप्पर जळतंय, आणि स्क्रीनच्या कोपऱ्यात इंग्लिशमध्ये एक ओळ. तिला मोती हे नाव वाचता आलं, पुढचं नाही.

"आई, मोतीबद्दल काय लिहिलंय?"

मी कपड्यांच्या घड्या घालत होते. वाचलं. जळून मेला असं लिहिलं होतं, शब्दशः. दोन सेकंद वाटलं खोटं सांगावं, हरवलाय म्हणावं. मग सांगितलं. ती रडली नाही लगेच, म्हणाली, पण मीच त्याला बस म्हटलं होतं. आणि मग जी रडली ती जेवायच्या वेळेपर्यंत. नवरा आला, म्हणाला अगं गेम आहे तो, दुसरा कुत्रा घे, तर अजूनच वाढलं.

आता हे कुठल्या प्रश्नावलीत येणार सांगा. ना रक्त, ना राक्षस, पीसफुल चालू, आवाज बंद, मी तीन फुटांवर बसलेली. मी त्या रात्री खरंच विचार केला की काढून टाकावा, साडेसहा वर्षांच्या पोरीला एवढं कशाला. पण दुसऱ्या बाजूने, मागच्या वर्षी शेजारचा पोपट गेला तेव्हाही ती अशीच रडली होती आणि तेव्हा मी पोपटावर बंदी घातली नव्हती. मी काढला नाही. चूक की बरोबर माहीत नाही, माझ्या मुलीला बघून घेतलेला निर्णय आहे, माझ्या भाच्याला याच जागी मोतीचं काहीही वाटलं नसतं आणि बहिणीच्या धाकट्याला कदाचित आठवडाभर झोप लागली नसती.

चार दिवस तिने ते वर्ल्ड उघडलं नाही. पाचव्या दिवशी उघडलं, जळक्या जागी पिवळी फुलं लावली, आणि नवीन घर दगडाचं बांधलं. चूल बाहेर. नवीन कुत्रा आहे, त्याला नाव दिलेलं नाही, विचारलं तर म्हणते अजून ठरलं नाही.

आमच्या वरच्या मजल्यावरची मोठी पोरं बीजीएमआय (पबजीसारखा बंदुकांचा ऑनलाइन गेम) खेळतात, त्याबद्दल मला आया विचारतात. तिथे मला फार डोकं लावावं लागत नाही. अठराच्या आतल्यांना पालकांची परवानगी आणि दिवसाला तीन तासांची मर्यादा त्यांनीच घातलीये, पण जन्मसाल खोटं टाकायला काय लागतं, आणि तीन तास ही मर्यादा कुठल्या अंगाने झाली ते मला कळलेलं नाही.

डोकं खरं लागतंय ते पुढच्या प्रकरणाला. व्हॅनमधल्या सगळ्यांकडे रोब्लॉक्स आहे. सगळ्यांकडे म्हणजे तिघांकडे, मी चौकशी केली. आणि हा एक गेमच नाही, लोकांनी बनवलेल्या असंख्य गेमांची जत्रा आहे, कुठे पाळणा, कुठे मौत का कुआं, बाहेर पाटी एकच. एअरप्लेन मोडवर तर उघडतच नाही, म्हणजे माझी चाचणी पहिल्याच पायरीवर नापास. मनीला सांगितलंय दिवाळीपर्यंत नाही, आणि या वेळी बघू म्हटलं नाही, सरळ नाही म्हटलं. पण दिवाळी येणारच आहे, म्हणून परत रात्रीचा अभ्यास सुरू. काल साडेअकराला मी तिथल्या एका पिझ्झाच्या दुकानात ऑर्डरी पोचवत होते, गाडी दोनदा उलटी झाली, नवरा पाणी प्यायला उठला आणि दारात उभा राहून बघत राहिला. म्हणाला, टिप देतात का?