स्वयंपाकघरातली कपाटं आणि न वाळणारा रंग: माझा अनुभव

कपाटं रंगवायला मला पाच दिवस लागले आणि रंग पक्का व्हायला पाच आठवडे. त्यातले निदान तीन आठवडे माझ्या घाईने वाढवले, हे आधीच कबूल करते. पण डब्यावरच्या त्या एका ओळीवरचा राग अजून गेलेला नाही: ‘स्पर्शाला कोरडा: ६ ते ८ तास’. स्पर्शाला कोरडा म्हणजे नेमकं काय, ते मात्र डब्यावर कुठेच नाही.

पल्ले उतरवणं, घासणं, अस्तर (रंगाखालचा पहिला थर) मारणं यात सांगण्यासारखं फार नाही. चौदा पल्ले होते. प्रत्येकाला नंबर दिला, तोही बिजागरीच्या खोबणीत लिहून वर चिकटपट्टी लावली, म्हणजे रंगाखाली गेला नाही. शेगडीजवळच्या दोन पल्ल्यांवरचा तेलकट चिकटा काढायला बाकीच्या बारांइतका वेळ गेला. कोमट साबणाचं पाणी, मग साध्या पाण्याचं फडकं, पुन्हा तेच. हे करायच्या आधी पॉलिश पेपर हातात घेऊ नका, नाहीतर तेच तेल सगळीकडे पसरतं आणि त्यावर रंग धरत नाही. जुना रंग घट्ट असेल तर तो खरवडून काढायची गरज नसते. १२० नंबरच्या पॉलिश पेपरने चकाकी मारली, लांबी (खड्डे बुजवायचा लगदा) भरली, २२० ने गुळगुळीत केलं, अस्तराचा एक हात दिला. झालं.

मग ऑइल पेंट, पांढरा. पहिले दोन हात पातळ दिले आणि छान बसले. तिसऱ्याला कंटाळा आला. म्हटलं, जरा जाड मारू, म्हणजे चौथा द्यायला नको. दुसऱ्या दिवशी सकाळी बोट लावून पाहिलं तर कोरडा, आरशासारखा. चौदा पल्ले आडवे पसरून ठेवायला घरात जागा नव्हती, म्हणून मधे वर्तमानपत्रं घालून एकावर एक रचले. धूळ बसू नये म्हणून त्या खोलीच्या खिडक्याही लावून घेतल्या. या एका परिच्छेदात चार चुका आहेत आणि प्रत्येक वेळी मला वाटत होतं की मी फार काळजी घेतेय.

दोन दिवसांनी पल्ले बसवायला काढले. पहिला उचलला तेव्हा टर्रर्र असा आवाज झाला. कागद अर्धा वरच्या पल्ल्याला, अर्धा खालच्याला. सहा नंबरच्या पल्ल्यावर अख्खं शब्दकोडं उमटलं होतं, उलटं, काळ्या-पांढऱ्या चौकोनांसकट. मी तिथेच खाली बसले. आई आली, तिने पल्ल्याच्या आतल्या कडेवर अंगठ्याचं नख दाबलं. साबणाच्या वडीत रुतावं तसं ते रुतलं. “अगं, हा वरून वाळलाय. आतून कच्चाच आहे.”

मग वाचत बसले, जे आधी वाचायला हवं होतं. ऑइल पेंट दोन टप्प्यांत वाळतो. आधी त्यातलं टर्पेंटाइनसारखं पातळ करणारं द्रव्य उडून जातं, तेव्हा तो बोटाला लागेनासा होतो. पण तो कडक होतो हवेतला प्राणवायू शोषून, आणि हे काम वरून खाली, सावकाश चालतं. थर जाड असेल तर वर साय धरते आणि खालच्या रंगापर्यंत हवा पोचत नाही. थंडी, दमट हवा, बंद खोली यांनी आणखी उशीर होतो. म्हणजे मी जाड थर दिला, वर झाकण घातलं आणि खोलीही कोंडली. पाण्यात मिसळणाऱ्या रंगाचंही काहीसं असंच. तो तासाभरात कोरडा वाटतो, पण पुरता कडक व्हायला दोन-चार आठवडे घेतो.

हे कळल्यावर तरी गप्प बसावं ना! मी पॉलिश पेपर घेऊन शब्दकोडं घासायला गेले. कच्चा रंग घासला जात नाही, त्याच्या गोळ्या होतात. दोन मिनिटांत कागद बुजला आणि पल्ल्यावर चरे पडले ते वेगळेच. मग केस वाळवायचं यंत्र फिरवलं. वरचा थर तापून सुरकुतला, खालचा होता तसाच. तेव्हा कुठे हात टेकले.

त्यानंतर नुसती वाट. पल्ले भिंतीला टेकवून उभे केले, एकमेकांना लागणार नाहीत असे, खिडक्या सताड उघड्या. स्वयंपाकघरात सगळी भांडी उघडी. रोज सकाळी चहाच्या आधी मी सहा नंबरच्या खालच्या कडेला नख दाबून बघायची. आठवडा झाला, नख रुतलं. दुसरा झाला, थोडं कमी. आई विचारायचीसुद्धा नाही, नुसती माझ्या अंगठ्याकडे बघायची. चौथ्या आठवड्याच्या शेवटी पॉलिश पेपर फिरवला तर गोळ्यांऐवजी पांढरी भुकटी पडली. त्या भुकटीचा मला केवढा आनंद झाला ते लिहून सांगता येणार नाही. शब्दकोडं, चरे, सुरकुत्या घासून काढल्या आणि बिघडलेल्या पल्ल्यांना एकच पातळ हात दिला. पुढचा आठवडाभर त्यांना बोटही लावलं नाही.

राहिलेल्या गोष्टी आठवतील तशा सांगते. रंग फार जुना असेल तर त्यात शिसं असू शकतं, तो कोरडा घासून धूळ उडवू नका. रंगाची, तेलाची फडकी चुरगळून ढिगात टाकू नका, ती आपोआप तापून पेटू शकतात. पसरून वाळवा. बसवल्यावर पल्ला आणि चौकट जिथे टेकतात तिथे रबराचे छोटे ठिपके चिकटवा, नाहीतर नवा रंग तिथेही चिकटतो. पांढरा ऑइल पेंट अंधारात पिवळा पडतो. माझ्या पल्ल्यांच्या आतल्या बाजू आत्ताच पिवळसर दिसायला लागल्यात, पुढच्या वेळी पाण्याचाच रंग घेणार.

सहा नंबरची खालची कड मात्र मी पुन्हा रंगवली नाही. तिथे नखाच्या चंद्रकोरींची रांग आहे. डावीकडच्या खोल, पुढे पुढे फिकट, आणि शेवटच्या दोन-तीन तर पल्ला उजेडात तिरका धरला तरच दिसतात.