आमची वाटचाल : कुशनकामापासून नकाशाच्या डब्यापर्यंत

कोल्हापुरात शाहूपुरीत वडिलांनी रिक्षा आणि जीपची हूड व कुशने शिवण्याचे दुकान घातले, तेव्हा गाडीत हौसेने बसवायच्या वस्तू म्हणजे सीट कव्हर, रबरी मॅट, हॉर्न आणि फार तर कॅसेट प्लेअर एवढ्याच होत्या. मी आणि धाकटा भाऊ हाताशी आल्यावर त्यात म्युझिक सिस्टिम आणि सेंट्रल लॉकची भर पडली. रस्ता दाखवणारे यंत्र विकावे असे आमच्यापैकी कोणाच्याही मनात नव्हते. २००९ च्या पावसाळ्यात मार्केट यार्डातील गुळाचे एक व्यापारी दुकानात आले आणि मुंबईत वांद्रे-वरळीचा नवा सागरी सेतू सुरू झाला आहे, त्यावर चढण्याची वाट आपोआप सांगणारा डबा गाडीत बसवून द्या, असे म्हणाले. सेतू ३० जूनला खुला झाला होता आणि हे गृहस्थ त्यानंतर पंधरा दिवसांच्या आत आले होते. आम्ही मुंबईहून एक यंत्र मागवून दिले. त्याच्या नकाशात सागरी सेतू नव्हता, वांद्र्यापासून पुढे नुसता निळा समुद्र दिसत होता. हे आम्हाला त्यांनी परत आल्यावर सांगितले. आमच्या या धंद्याची सुरुवात अशी तक्रारीने झाली, आणि ती तक्रार आज इतक्या वर्षांनंतरही तीच आहे.

त्या काळी नामांकित कंपनीचा ४.३ इंची पडद्याचा डबा आठ ते दहा हजारांच्या घरात पडत असे. मॅपमायइंडिया, हैदराबादची सॅटगाइड आणि गार्मिन ही नावे ग्राहकांच्या तोंडी येऊ लागली होती. अमेरिकेने मे २००० मध्ये जीपीएसच्या, म्हणजे उपग्रहांवरून जागा सांगणाऱ्या आपल्या यंत्रणेच्या, नागरी संकेतात मुद्दाम घातली जाणारी चूक बंद केली, आणि शंभर मीटरपर्यंत चुकणारे साधे यंत्र दहा-पंधरा मीटरच्या आत जागा सांगू लागले. गाडीतला डबा हा धंदा त्यानंतरच शक्य झाला. मात्र मारुती ८०० चालवणाऱ्या माणसाला दहा हजार रुपये हा आकडा जड वाटत असे, आणि आमचे बहुतेक गिऱ्हाईक त्याच वर्गातले होते.

या जड आकड्यावर तोडगा म्हणून आम्ही २०१० साली मुंबईच्या एका घाऊक विक्रेत्याकडून बिननावाचे पंचवीस डबे निम्म्याहून कमी दरात उचलले. बाहेरून ते नामांकित यंत्रांसारखेच दिसत, आत विंडोज सीई प्रणाली होती आणि नकाशा एका एसडी कार्डावर भरलेला होता. सेटिंगमध्ये जाऊन कार्डावरील कोणती फाइल चालवायची हे दाखवले की यंत्र सुरू होई. आम्हाला ही सोय वाटली. वास्तविक तीच गोम होती, कारण कार्डावरचा नकाशा दुसऱ्याच कंपनीचा आणि परवाना नसलेला, म्हणजे चोरून उतरवलेला होता. तो अद्ययावत करून देणारे जगात कोणीच नव्हते. त्याशिवाय डॅशबोर्डवरच्या एप्रिलच्या उन्हात बॅटऱ्या फुगल्या, काचेला चिकटवायची रबरी वाटी गळून डबा ड्रायव्हरच्या पायाशी पडू लागला, आणि पडद्यावर नख जोराने दाबल्याशिवाय अक्षर उमटेना. पंचवीसपैकी सतरा डबे परत आले. आम्ही पैसे परत दिले, परत आलेले डबे माळ्यावर टाकले आणि त्या वर्षी दिवाळीला दुकानाला रंग दिला नाही. घाऊक विक्रेत्याने आम्हाला फसवले असे म्हणणे सोपे आहे, पण नकाशा कोणाचा हा प्रश्न खरेदीच्या वेळी आम्हीच विचारला नव्हता.

त्यानंतर आम्ही हिशेबाची पद्धत बदलली. डब्याची किंमत आणि पुढच्या तीन वर्षांच्या नकाशाची किंमत यांची बेरीज करून ती ग्राहकापुढे कागदावर मांडायची, असे ठरवले. ही बेरीज केली की स्वस्त आणि महाग यांची जागा कित्येकदा बदलते. सहा हजारांचा डबा घेऊन दरवर्षी नकाशासाठी वेगळे पैसे मोजणारा माणूस शेवटी आठ हजारांत नकाशासह मिळणाऱ्या डब्यापेक्षा जास्त खर्च करतो. गार्मिनच्या मॉडेलच्या आकड्यापुढे एलएम अशी अक्षरे असली तर नकाशाचे अद्यतन किमतीत धरलेले असते आणि एलएमटी असेल तर वाहतुकीची माहितीही धरलेली असते. ही अक्षरे न वाचता नुसत्या आकड्यावरून घासाघीस करणारे ग्राहक आम्ही शेकड्यांनी पाहिले. इथे ‘लाइफटाइम’ या शब्दाचा अर्थही समजावून सांगावा लागे. ते आयुष्य यंत्राचे असते, मालकाचे नव्हे, आणि कंपनी त्या यंत्रासाठी नकाशा काढत राहील तोवरच ते टिकते.

याच सुमारास एक वेगळीच अडचण येऊ लागली. अमेरिकेत नोकरीला असलेला मुलगा सुट्टीवर येताना वडिलांसाठी तिकडच्या सवलतीत घेतलेला डबा आणी. किंमत ऐकून आमचेही डोळे विस्फारत. डबा सुरू केला की त्यात अलास्कापासून फ्लोरिडापर्यंतचा प्रत्येक रस्ता सापडे, फक्त कळंबा आणि कागल सापडत नसे. भारताचा नकाशा वेगळा विकत घेतला की सवलतीचा बराचसा भाग त्यातच जाई. भेटवस्तूच्या बाबतीत हे सांगताना शब्द जपून वापरावे लागत, कारण वडील समोर उभे असत आणि मुलगा फोनवर असे.

जुना किंवा शिल्लक माल घेणे वाईट, असे आमचे म्हणणे कधीच नव्हते. उलट खरा सौदा तिथेच असतो. कंपनी नवे मॉडेल काढते तेव्हा पडदा थोडा मोठा होतो किंवा कडा बारीक होते, पण आतला नकाशा बहुधा तोच असतो. अशा वेळी आदले मॉडेल दुकानदारांना लवकर मोकळे करायचे असते. दसरा-दिवाळीच्या जाहिरातीतील सवलतीपेक्षा दिवाळी उरकल्यानंतर उरलेल्या मालाचा दर आम्हाला नेहमीच अधिक बरा पडला. दुरुस्त करून पुन्हा विकायला काढलेले डबेही आम्ही घेतले, मात्र बिलावर तसे स्पष्ट लिहून आणि बॅटरी नवी टाकूनच विकले. खोक्यावर सील आहे एवढ्यावरून माल नवा असे समजू नये, कारण सील लावण्याचे यंत्र फार महाग नसते.

जुन्या मालातील नकाशाचे वय ओळखण्याची एक पद्धत आम्ही हळूहळू बसवली. सेटिंगमधला आवृत्तीचा आकडा ग्राहकाला काही सांगत नाही, आणि तो कधी कधी फसवतोही. त्यापेक्षा ठाऊक असलेल्या रस्त्याला हात घालावा. वांद्रे-वरळी सेतू दिसत नसेल तर नकाशा २००९ च्या मागचा आहे. मुंबईचा पूर्व मुक्त मार्ग दिसला तर २०१३ च्या पुढचा. आमच्याकडून बहुतेक गाड्या गोव्याला जातात, म्हणून पणजीत मांडवीवर जानेवारी २०१९ मध्ये खुला झालेला तिसरा पूल आणि डिसेंबर २०२२ मध्ये पहिली बाजू खुली झालेला जुवारीवरचा नवा पूल या दोन खुणा आम्हाला सर्वांत उपयोगी पडतात. विदर्भाकडे जाणाऱ्याला त्याच डिसेंबरात नागपूर ते शिर्डी सुरू झालेला समृद्धी महामार्ग दाखवून पाहतो. जुन्या नकाशात त्या मार्गावर गाडी शेतातून नांगर धरल्यासारखी सरळ चाललेली दिसते. राष्ट्रीय महामार्गांचे क्रमांक २०१० मध्ये बदलले, त्यामुळे पुणे-बंगळूर रस्त्याला ४ आणि मुंबई-गोवा रस्त्याला १७ म्हणणारा नकाशा असेल तर तो किमान त्या बाबतीत तरी मागे राहिला आहे, हेही कळते. रस्त्यावरच्या पाट्या मात्र ४८ आणि ६६ म्हणतात, आणि अनोळखी ड्रायव्हर चौकात गाडी थांबवून विचारत बसतो.

परत येणाऱ्या डब्यांपैकी निम्मे मुळात बिघडलेलेच नसत, हे समजायलाही आम्हाला दोन वर्षे लागली. महिनोन्महिने बंद असलेला डबा सुरू केल्यावर त्याला आधी आकाशातील उपग्रह शोधावे लागतात. जागा ठरवण्यासाठी किमान चार उपग्रह लागतात, आणि ते सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून अत्यंत क्षीण संकेत पाठवत असतात. सर्व उपग्रहांचे ढोबळ वेळापत्रक पूर्ण उतरायला साडेबारा मिनिटे लागतात. ग्राहक दुकानाच्या पत्र्याखाली डबा लावून तीन मिनिटांत कंटाळतो आणि यंत्र खराब म्हणतो. गाडी उघड्यावर पंधरा मिनिटे उभी ठेवली की तेच यंत्र सुरळीत चालते. दुसरे कारण काचेवरची काळी फिल्म. धातूचा मुलामा असलेली फिल्म संकेत अडवते. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने गाड्यांच्या काचांवरील फिल्मला बंदी केली आणि पोलिसांनी चौकाचौकांत ती खरवडायला लावली. त्यानंतर आमच्याकडची ‘सिग्नल मिळत नाही’ ही तक्रार बरीच कमी झाली. फिल्म बसवण्याचा आमचा धंदाही त्याच आठवड्यात बसला, हेही नमूद करायला हवे. तिसरे कारण ट्रकचे. ट्रकला चोवीस व्होल्टची बॅटरी असते आणि स्वस्त डब्याचा लाइटरमध्ये खोचायचा चार्जर बारा व्होल्टचा. आमचे पहिले चार चार्जर याच कारणाने जळाले, तेव्हापासून दोन्हींवर चालणारा चार्जर आम्ही दीडशे-दोनशे रुपये जास्त घेऊन स्वतंत्र देतो.

धंद्याला खरा धक्का फोनने दिला. जानेवारी २०१० मध्ये नोकियाने आपल्या फोनवरील दिशादर्शन फुकट केले, तेव्हा आम्ही फारसे मनावर घेतले नाही. सप्टेंबर २०१२ मध्ये गूगल मॅप्स भारतात वळणावळणाला बोलून रस्ता सांगू लागले, तेव्हा मात्र दुकानात येणारा प्रत्येक तरुण खिशातून फोन काढून ‘हे फुकट आहे, तुमचे कशाला?’ असे विचारू लागला. इंटरनेट महाग होते तोवर आमच्याकडे उत्तर होते. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले आणि ते उत्तरही गेले. त्या वर्षाअखेर आमच्याकडे एकतीस डबे पडून होते आणि आम्ही ते खरेदीच्या दरापेक्षा कमी दराने काढले. ज्यांनी त्या वेळी घेतले त्यांना खरोखर उत्तम सौदा मिळाला. त्याचे श्रेय आमच्या औदार्याला देण्यासारखे काही नाही.

तरीही डबे घेणारे लोक पूर्ण संपले नाहीत. आंबोली, फोंडा, करूळ, भुईबावडा या घाटांतून उतरणाऱ्या टुरिस्ट गाड्यांना मधल्या पट्ट्यात फोनचे नेटवर्क मिळेलच असे नसते, आणि डब्यातला नकाशा आधीच भरलेला असल्यामुळे त्याला नेटवर्क लागत नाही. फोनवरही नकाशा आधी उतरवून ठेवता येतो, हे आम्ही स्वतःहून सांगतो, आणि ज्यांना ते जमते त्यांना डबा विकत नाही. साठी उलटलेल्या बऱ्याच ग्राहकांना मात्र फोन आणि रस्ता एकाच पडद्यावर नको असतो, कारण नेमक्या वळणावर फोन वाजतो. डब्याला मर्यादाही आहेत. करूळ घाट २०२४ मध्ये रुंदीकरणासाठी बंद होता, तेव्हा आमचा प्रत्येक डबा गगनबावड्याहून वैभववाडीकडे बिनदिक्कत बोट दाखवत होता. ‘जवळचा रस्ता’ हा पर्याय बंद करून ‘लवकरचा रस्ता’ लावून देणे हे आम्ही विक्रीच्या वेळीच करतो, नाहीतर पाच किलोमीटर वाचवण्यासाठी यंत्र मोठ्या गाडीला बैलगाडीच्या वाटेत घालते.

एप्रिल २०१९ मध्ये मात्र आम्ही गोंधळलो. जुने डबे तारीख १९९९ सालची दाखवू लागले आणि काही उपग्रह शोधत तसेच अडकून राहिले. जीपीएसच्या संकेतात आठवड्याचा क्रमांक दहा बिटांत, म्हणजे शून्य किंवा एक अशा दहा अंकांत येतो, त्यामुळे १०२४ आठवडे (सुमारे साडेएकोणीस वर्षे) झाले की मोजणी पुन्हा शून्यावर येते, आणि ती वेळ भारतात ७ एप्रिलच्या पहाटे आली होती. ज्या कंपन्यांनी प्रणालीची दुरुस्ती दिली त्यांचे डबे वाचले, बिननावाचे गेले. माळ्यावरचे आमचे २०१० चे डबे भावाने कुतूहलाने लावून पाहिले. त्यांतील बहुतेक चालूच झाले नाहीत, आणि जो चालू झाला त्याने ऑगस्ट १९९९ दाखवला.

आता दुकानात कोणी ‘जीपीएस बसवायचा आहे’ असे म्हणाले की आम्ही प्रथम विचारतो, रस्ता बघायचा आहे की गाडी कुठे आहे ते बघायचे आहे? प्रवासी वाहनांना स्थान कळवणारे यंत्र आणि आपत्कालीन बटण सक्तीचे झाल्यापासून दुसऱ्या प्रकारचे ग्राहक अधिक येतात, आणि त्यातले काही चुकून पहिल्या प्रकारचा डबा घेऊन आरटीओत जातात. रस्ता दाखवण्यासाठी आम्ही आज मुख्यतः अँड्रॉइडचे सात आणि नऊ इंची पडद्याचे स्टिरिओ बसवतो. त्यांची अँटेना डॅशबोर्डच्या पत्र्याखाली न ठेवता काचेजवळ आणणे एवढेच त्यातले कौशल्य. जुन्या गार्मिन डब्यांवर ओपनस्ट्रीटमॅपचा, म्हणजे स्वयंसेवकांनी मिळून बनवलेला, मोफत आणि कायदेशीर नकाशा कार्डावर भरून देण्याचे काम भाऊ करतो आणि त्याचे तो फक्त मजुरीचे पैसे घेतो. खेड्यातील गल्ल्यांची नावे त्यात कमी असतात, हे तो आधीच सांगतो.

प्रत्येक डबा हातात देण्यापूर्वी भाऊ तो गाडीला लावून शाहूपुरीतून रंकाळ्याला एक फेरी मारतो. गेल्या महिन्यात ते गूळवाले व्यापारी, आता सत्तरीला आलेले, आपला २००९ चा डबा पिशवीत घालून आले. बॅटरी मेलेली होती, पण चार्जर लावल्यावर पडदा उजळला आणि वांद्र्यापुढे तोच निळा समुद्र दिसला. त्यावर नवा नकाशा भरता येत नाही असे सांगितल्यावर त्यांनी तो परत पिशवीत घातला आणि नातवाच्या गाडीतल्या स्टिरिओचा दर विचारला.